हून

करार तेवीस पानांचा होता.
निनादनं पहिल्या पानावर स्वतःचं नाव वाचलं,
शेवटच्या पानावर सहीची जागा शोधली,
आणि मधली एकवीस पानं माझ्याकडे सरकवली
पोह्यातला कढीपत्ता बाजूला सारावा तशी.

मी भोसरीला गिअरच्या कारखान्यात पगारपत्रकं करते.
अकरा वर्षं झाली. कलमांना मी घाबरत नाही.

पगार आधीच ठरलेला.
निवडीत तू सातवा, तर सातव्याचा जो आकडा तो तुझा,
मग उंची साडेसहा फूट असो की वर चार बोटं.
घासाघीस नाही. मंडईत तरी दोन रुपये सोडतात.
त्यातले ऐंशी टक्के पक्के,
उरलेले वीस, उन्हाळी शिबिर पूर्ण केलंस तर,
आणि एक जूनला काट्यावर चौऱ्याण्णवच्या आत भरलास तर.
(त्याच रात्री आईनं तुपाचा डबा माळ्यावर टाकला.)

पहिली दोन वर्षं बांधलेली.
तिसरं क्लबच्या मर्जीचं,
एकतीस ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत
त्यांनी हो म्हटलं तर हो.
"आणि माझ्या मर्जीचं वर्ष कुठलं?"
मी पानं उलटली. पुन्हा उलटली.
पाचवं, म्हटलं. तोवर गुडघे सांभाळ.

सतराव्या पानावर इन्सेंटिव्ह.
गेल्या मोसमात जमलं असेल ते संभाव्य,
नसेल ते असंभाव्य.
नवख्याला गेला मोसमच नसतो,
म्हणून त्याचं सगळंच असंभाव्य.
इथे मी चष्मा काढून पुसला.

फ्री थ्रो. किमान शंभर प्रयत्न,
यश ऐंशी टक्क्यांहून अधिक, तर तीन लाख.
मी पेन्सिलनं 'हून'खाली रेघ मारली
आणि त्याला सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत होता.
हं, म्हणाला.

मार्चमधला शेवटचा सामना, बालेवाडी.
तोवर अठ्ठ्याण्णव प्रयत्न, एकोणऐंशी आत.
माझ्या मांडीवरची वही बघून शेजारच्या मुलानं विचारलं,
"ताई, पेपरातून आलात का?"

तीन गुणांनी मागे, घड्याळात दोन सेकंद,
आणि रेषेवर निनाद, दोन फ्री थ्रो.
पहिला आत. नव्व्याण्णवात ऐंशी.
दुसरा आत गेला असता तर शंभरात एक्क्याऐंशी,
तीन लाख, आणि हार दोन गुणांची.
मुद्दाम चुकवला तर रिंगवरून उडालेला चेंडू
आपल्यातल्या कुणाच्या तरी हातात, बरोबरी, कदाचित.
आणि शंभरात ऐंशी. हून नाही.

टिळेकर कोच बाकावरून उठलेसुद्धा नाहीत,
नुसता पंजा खाली केला.
निनादनं चेंडू तीनदा आपटला,
गॅलरीकडे पाहिलं नाही,
आणि सपाट मारला, रिंगच्या पुढच्या कडेवर, नेमका.
चुकवायलासुद्धा नेम लागतो, हे मला माहीत नव्हतं.
फर्नांडिसच्या बोटांना चेंडू लागला. नुसता लागला.

स्कूटरवर मागे तो दुमडून बसला,
औंधच्या पुलापर्यंत गप्प.
मग म्हणाला, "हून होतं ना?"
"हो."
"मला वाटलंच."
दापोडी येईपर्यंत तो एकटाच हसत होता,
आणि त्या हसण्यानं स्कूटर हलत होती.

सोमवारी मार्चचा हजेरी भत्ता काढायला बसले.
एकही खाडा नाही, तर बाराशे.
कोंडिबा लांडगे, सव्विसांत पंचवीस,
एक दिवस मुलीच्या बाळंतपणासाठी चाकणला.
त्या रकान्यात शून्य टाकायला मला अर्धा सेकंद लागतो.
त्या दिवशी चहा गार झाला.
मग टाकलं.

घरी आले तर आईनं डबा खाली काढलेला.
वजनाला अजून अडीच महिने आहेत, म्हणाली,
आणि त्याच्या भातावर चमचा पालथा केला.